उबंटू सुरू होता होता कॉम्प्युटर बंद पडतो: उन्हाचा दोष की आणखी काही?

अक्षरजुळणी · सोमवार, दुपारी ३.४०

नमस्कार. मी नागपूरला महालात राहते आणि घरूनच डीटीपीची (पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर जुळवायची) कामं करते. मशीन डेस्कटॉप आहे: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सीपीयूवर (प्रोसेसरवर) इंटेलचाच डब्यात आलेला पंखा आहे. उबंटू (लिनक्स) आणि विंडोज १० दोन्ही टाकलेले आहेत.

त्रास असा आहे. बटण दाबलं की मदरबोर्डचा लोगो येतो, मग उबंटू की विंडोज विचारणारी यादी येते. उबंटू निवडलं की चिन्ह दिसतं, खालचं चक्र फिरायला लागतं आणि खटकन सगळं बंद होतं. पंखे थांबतात, दिवे जातात. आपोआप परत सुरू होत नाही, बटणच दाबावं लागतं. लगेच दाबलं तर त्या यादीपर्यंतही पोचत नाही. बराच वेळ थांबून दाबलं तर पुन्हा चिन्हापर्यंत जातं. विंडोज निवडलं तरी हाच प्रकार.

सकाळी सातच्या सुमारास लावलं तर बहुतेक वेळा नीट सुरू होतं आणि चालतंही, पण पंखा सतत घोंघावत असतो. मोठी पीडीएफ काढायला घेतली की मशीन अगदी रखडतं. दुपारी मात्र सुरूच होत नाही. संध्याकाळी बाहेर जरा बरं वाटायला लागलं तरी होत नाही.

ज्यांच्याकडे मार्चमध्ये आतून साफसफाई करून घेतली होती ते म्हणतात, नागपूरचं ऊन आहे, एसी लावा नाहीतर नवीन मशीन घ्या. दोन्ही सध्या शक्य नाही. एका पुस्तकाची पानं त्यातच अडकली आहेत आणि प्रकाशकांना या महिन्यात द्यायची आहेत. कुठून सुरुवात करू?

गोरेवाडा · सोमवार, दुपारी ४.०५

ताई, आधी बाजूचं झाकण काढून सीपीयूवरचा पंखा फिरून राहिला का ते पाहा. माझ्याकडे एकदा वायर पात्यात अडकून पंखा जागीच थांबला होता, अगदी असंच व्हायचं. आणि खोलीत कूलर असंल तर झाकण उघडं ठेवून चालवून पाहा.

इतवारी · सोमवार, दुपारी ४.२०

२३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश तापमान होतं. त्या उन्हाळ्यातही शहरातले कॉम्प्युटर चालूच होते. त्यामुळे 'उन्हामुळे होतंय' एवढ्यावर नवीन मशीनचे पैसे घालू नका. काहीतरी दुसरं आहे.

सोल्डरगन · सोमवार, संध्याकाळी ६.१५

अक्षरजुळणीताई, पहिलं काम दुरुस्तीचं नाही, पानं वाचवायचं. अशा बंद पडण्यात दरवेळी डिस्कवर अर्धवट लिहिलं जायचा धोका असतो. आता दुपारी बटण दाबून पाहणं पूर्ण थांबवा. उद्या सकाळी गार असताना लावा, पुस्तकाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि मग बाकीचं. सकाळीही दगा दिला तर एसएसडी काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला जोडता येते, त्यात अवघड काही नाही.

आता मूळ प्रश्न. मशीन गरम आहे की नाही यापेक्षा मी आधी विचारतो, ते बंद कोणी केलं? बंद करणारे तीनच असतात.

पहिला, प्रोसेसर स्वतः. तुमच्या पिढीच्या आय-फाइव्हची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. तिथे पोचला की तो आधी आपला वेग कमी करतो. तुमची पीडीएफ रखडते ती याचमुळे असणार. तरीही तापमान चढत राहिलं तर तो बोर्डला इशारा देतो आणि बोर्ड वीज तोडतं. हे खटकन होतं, पडद्यावर काही येत नाही, आणि मशीन बहुधा बंदच राहतं.

दुसरी, ऑपरेटिंग सिस्टिम. तिला कुठल्यातरी सेन्सरने धोक्याचा आकडा दाखवला तर ती रीतसर शटडाउन करते. त्यात निरोप येतो, सर्व्हिस एकेक करून थांबतात आणि लॉगमध्ये नोंद राहते.

तिसरी, वीज. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), यूपीएस किंवा घरातला व्होल्टेज. यात मशीन पुष्कळदा बंद न राहता रीस्टार्ट होतं.

तुमचं वर्णन पहिल्याकडे बोट दाखवतं. लगेच लावलं की लवकर बंद, थांबून लावलं की उशिरा बंद, ही उष्णतेची खूण आहे. बोर्डवर फुगलेले कपॅसिटर हेही बंद पडायचं एक कारण असतं, पण त्यांचं बहुधा उलटं असतं: गार असताना सुरू व्हायला कुरकूर आणि तापल्यावर बरं चालतं.

पण नुसत्या अंदाजावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. बटण दाबल्यावर डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा. हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ असं पान असेल. तिथे सीपीयूचं तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. फक्त त्या पानावर मशीन ठेवून पाच-दहा मिनिटं आकडा कसा चढतो ते पाहा. ९० गाठलं की बंद करा. आणि भिंतीवर थर्मामीटर असेल तर खोलीचं तापमानही लिहून घ्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

घाटरोड · सोमवार, रात्री ८.३०

यूपीएसचं कोणी बोललं नाही म्हणून. सुरू होताना मशीन क्षणभर जास्त वीज ओढतं. ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॉटचाच भार झेपतो, बॅटरी जुनी असेल तर तेवढाही नाही. त्यावरच मॉनिटर, प्रिंटर लावलेले असतात. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतो, यूपीएस बॅटरीवर जातो आणि बॅटरीत दम नसला की मशीन जातं. ताई, एकदा यूपीएस बाजूला करून थेट भिंतीतल्या प्लगला लावून पाहा. लेझर प्रिंटर असेल तर तो यूपीएसवर नकोच.

अक्षरजुळणी · मंगळवार, सकाळी ९.५०

सगळ्यांचे आभार. आज सकाळी मशीन सुरू झालं आणि पानं पेनड्राइव्हवर आली, त्यामुळे जीवात जीव आला.

मग बायोसमध्ये गेले. खोली ३१ अंश. सुरुवातीला ५८ दिसत होतं, दहा मिनिटांत ७९ वर जाऊन तिथेच थांबलं. पंख्याचे फेरे २००० च्या आसपास दिसतात, म्हणजे पंखा फिरतोय. यूपीएस काढूनही पाहिलं, फरक नाही. दुपारचं सांगते.

अक्षरजुळणी · मंगळवार, दुपारी ३.१५

खोली ४१. सुरुवात ६६, चढत चढत ९०. तिथे बंद केलं.

सोल्डरगन · मंगळवार, संध्याकाळी ५.००

अगदी कामाचे आकडे दिलेत. यातच उत्तर आहे, जरा सविस्तर सांगतो, कारण हा हिशेब इथल्या प्रत्येकाला उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

हवेने गार होणारं कुठलंही यंत्र खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. ते खोलीच्या किती वर राहतं एवढंच त्याच्या कूलरच्या हातात असतं. सीपीयू तेवढंच काम करत असेल तर हा फरक जवळपास कायम राहतो. तुमचा सकाळचा फरक ७९ उणे ३१, म्हणजे ४८. दुपारचा ९० उणे ४१, म्हणजे ४९, आणि तेव्हा आकडा अजून चढतच होता. म्हणजे हीटसिंक (पंख्याखालचा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) सकाळीही तितकंच वाईट काम करतंय, फक्त सकाळी हातात दहा अंश जास्त असतात म्हणून निभावतं.

आता हा ४८-४९ चा फरक जास्त आहे का? बायोसच्या पानावर प्रोसेसर नीट झोपत नाही, त्यामुळे सिस्टिम सुरू होऊन रिकामी बसलेली असते त्यापेक्षा आकडा थोडा जास्त येतो, हे खरं. पण तिथे सगळे कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र काम करणारे भाग) कामाला लागलेले नसतात. अशा हलक्या कामाला हा पंखा खोलीच्या वर वीसेक अंशांत राहायला हवा. तुमचं दुपटीहून जास्त आहे.

उबंटू किंवा विंडोज उघडताना चारही कोअर एकदम कामाला लागतात. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उलगडायचं, ड्रायव्हर शोधायचे, डझनावारी सर्व्हिस एकाच वेळी सुरू करायच्या. बायोसमध्ये जे मशीन ८५-९० वर बसलंय त्याला हा धक्का सोसवत नाही. म्हणून बंद पडायची जागा नेमकी चिन्हाची, आणि म्हणून दोन्ही सिस्टिममध्ये एकच लक्षण.

प्रश्न उरतो तो असा की प्रोसेसर स्वतः वेग कमी करतो तर बंद का पडावं? नुसती धूळ असती तर तो मंद चालला असता, बंद नसता पडला. सरळ बंद पडतं तेव्हा माझा पहिला संशय पंख्याच्या बुडावर असतो. हीटसिंक प्रोसेसरवर सपाट टेकलेलंच नसेल तर उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते, आणि मंदावूनही भागत नाही.

तुमच्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतील. मार्चमध्ये साफसफाई झाली म्हणालात. तेव्हा पंखा काढून परत बसवला असेल तर एखादी खुंटी नीट बसली नसण्याची शक्यता मोठी आहे. मशीनची वायर काढा, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा आणि मग प्रत्येक खुंटीजवळ हीटसिंकची कडा बोटाने हलकेच हलवून पाहा. अजिबात हलता कामा नये.

फुटाळा · मंगळवार, रात्री ९.१०

धागा माझ्या प्रश्नाच्या जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. माझा लॅपटॉप उबंटू सुरू करताना बंद होतो, पण माझ्या पडद्यावर एक ओळ येते: क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड, शटिंग डाउन. त्यात आकडा १२८ अंश असा असतो. गंमत म्हणजे रात्रभर बंद असलेला लॅपटॉप पहाटे लावला तरी हेच. विंडोजमध्ये मात्र तासन्‌तास चालतो, तळवा ठेवला तर कोमट लागतो. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट बदलून घेऊ का?

गोरेवाडा · मंगळवार, रात्री ९.२५

पहाटे लावल्याबरोबर १२८? असं काहून होईल? पाणी १०० ले उकळते बाप्पा.

कर्नलपॅनिक · मंगळवार, रात्री १०.४०

फुटाळा, पेस्टला हात लावू नका. तुमचा प्रकार वेगळा आहे. सोल्डरगनकाकांनी सांगितलेल्या तिघांपैकी तुमच्याकडे दुसरा आहे: सिस्टिमने स्वतः, रीतसर, एका आकड्यावर विश्वास ठेवून बंद केलं.

नागपूरकरांना हे लवकर पटेल. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली होती. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. तुमच्या लॅपटॉपमध्येही एक असंच केंद्र आहे.

लिनक्स दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून तापमान वाचतं. एक प्रोसेसरच्या आतला सेन्सर, त्याचं नाव यादीत कोअरटेम्प असं दिसतं. दुसरं बायोसने एसीपीआयच्या (बायोस आणि सिस्टिम यांच्यातल्या ठरलेल्या भाषेच्या) तक्त्यातून कळवलेलं, त्याचं नाव एसीपीआयटीझेड. या दुसऱ्याला बायोसने एक धोक्याची पातळी ठरवून दिलेली असते आणि ती ओलांडली की कर्नल मशीन बंद करतं. बायोसमधला तक्ता सदोष असला किंवा लॅपटॉपची कंट्रोलर चिप सुरुवातीला जागी झालेली नसली तर इथे भलताच आकडा येतो. १२८ ही संख्या मला तर मोजलेली न वाटता वाचनातली चूकच वाटते, कारण ती दोनाचा नेमका सातवा घात आहे, कॉम्प्युटरच्या मोजणीतली गोल संख्या.

खात्री करायची तर ग्रबच्या, म्हणजे उबंटू की विंडोज विचारणाऱ्या यादीत उबंटूवर ई दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ दिसेल. तिच्या शेवटी जागा सोडून थर्मल, टिंब, एनओसीआरटी, बरोबरचं चिन्ह आणि एक असं सगळं सलग, लहान रोमन अक्षरांत लिहा. मग एफ-टेन दाबा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच (मशीन एकदा सुरू होण्यापुरताच) राहतो. याने कर्नल त्या धोक्याच्या पातळीवर बंद करणं सोडून देतं. सिस्टिम उघडली की टर्मिनलमध्ये सेन्सर्स ही कमांड द्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. कोअरटेम्प ४५-५० आणि एसीपीआयटीझेड १२८ असेल तर निकाल लागला.

एक गोष्ट मनापासून सांगतो. हा पर्याय कायमचा लावून ठेवू नका. प्रोसेसरचं स्वतःचं संरक्षण याने जात नाही, पण सिस्टिमचं जातं, आणि उद्या खरोखर पंखा बंद पडला तर इशारा द्यायला कोणी उरणार नाही. तपासा, आणि मग कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलसाठी नवीन बायोस आहे का ते पाहा. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी, मध्ये वीज जाऊन चालणार नाही.

इतवारी · बुधवार, सकाळी ८.००

कर्नलपॅनिक, पडद्यावर काहीच न येता बंद झालं तर तेव्हा सिस्टिमने केलं की बोर्डने, हे नंतर कसं कळायचं?

कर्नलपॅनिक · बुधवार, सकाळी ८.३५

लॉगच्या शेवटच्या ओळी पाहायच्या. उबंटूत जर्नलसीटीएल या कमांडला मागच्या बूटचा पर्याय दिला की आधीच्या वेळची नोंद उघडते. शेवटी सर्व्हिस थांबल्याच्या, डिस्क वेगळी केल्याच्या ओळी आणि पॉवर ऑफ असेल तर सिस्टिमने बंद केलं. नोंद वाक्याच्या मध्येच तुटावी तशी तुटलेली असेल तर वीज बाहेरून तोडली गेली. सुरुवातीलाच बंद पडलं असेल तर त्या बूटची नोंदच सापडत नाही, कारण डिस्कवर लिहायची वेळच आलेली नसते. तीही एक माहितीच.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिमच्या नोंदी पाहा. कर्नल-पॉवर ४१ सगळ्यांनाच दिसतो आणि लोक त्याच्याच मागे लागतात. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, कारण तो सांगत नाही. कर्नल-पॉवर ८६ असेल तर मात्र विंडोजने उष्णतेमुळे बंद केलं असा स्पष्ट अर्थ आहे.

काही ब्रँडेड मशीन बंद पडल्यानंतर पुढच्या सुरुवातीला स्वतःच सांगतात. डेलच्या बऱ्याच डेस्कटॉपवर मागचं शटडाउन थर्मल इव्हेंटमुळे झालं अशी ओळ येते. कळ दाबून पुढे जायच्या घाईत ती वाचायची राहते.

घाटरोड · बुधवार, सकाळी १०.१०

जुन्या बोर्डवाल्यांसाठी भर. अवॉर्ड कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये शटडाउन टेम्परेचर असा एक पर्याय असायचा, ६०, ६५ किंवा ७० अंश निवडता यायचे. कुणीतरी काळजीपोटी ६० निवडून ठेवतं. डिसेंबरात ते कधी आड येत नाही, आणि मे लागला की ४३ अंशांच्या खोलीत मशीन सिस्टिम उघडताच बंद. पंखा, पेस्ट, सगळं उत्तम असूनही. बायोसमध्ये गेलातच आहात तर तेवढं पान नजरेखालून घाला.

अक्षरजुळणी · बुधवार, संध्याकाळी ७.२०

सापडलं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे वायर काढून, कॅबिनेट आडवं ठेवून उघडलं. हीटसिंकची मागच्या पॅनलकडची कडा बोटाने दाबली तर खाली जाते आणि सोडली की वर येते. त्या बाजूच्या दोन्ही खुंट्या वर आलेल्या होत्या. वरून पाहिलं तर चारही सारख्याच दिसतात, हात लावल्याशिवाय कळलं नसतं.

चारही खुंट्यांची डोकी बाणाच्या दिशेने फिरवून पंखा उचलला. प्रोसेसरवर पुढच्या दोन कोपऱ्यांना पेस्ट दाबली जाऊन पातळ पसरलेली आहे, आणि मागच्या बाजूला तिचा जाड थर तसाच उभा, वर बारीक भेगा पडलेल्या. हीटसिंकच्या बुडाला मागच्या अर्ध्या भागात तांबं नुसतं चकाकतंय, तिथे पेस्टचा डागही लागलेला नाही. म्हणजे मार्चपासून प्रोसेसर अर्ध्याच भागाने टेकलेला होता. फोटो काढून ठेवलाय.

आता पेस्ट आणायची आहे. किती लावायची, कशाने पुसायची? आणि खुंट्या तुटलेल्या नाहीत हे कसं ओळखायचं?

सोल्डरगन · बुधवार, रात्री ८.४५

शाब्बास. इतकं नीट निरीक्षण करणारं गिऱ्हाईक मिळालं तर दुरुस्ती करणाऱ्याचं अर्धं काम होतं.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, बर्डीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतं. धागे न सुटणारा मऊ सुती कपडा चालेल. प्रोसेसर आणि हीटसिंकचं बूड दोन्ही आरशासारखे स्वच्छ झाले पाहिजेत. पाणी नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच. प्रोसेसर सॉकेटच्या चौकटीत अडकवलेला आहे, ती चौकट उघडू नका. खालच्या पिना फार नाजूक असतात. ज्यांच्याकडे एएमडीचे एएम-फोर सॉकेटचे बोर्ड आहेत त्यांनी पंखा सरळ वर ओढू नये. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच पिनांसकट बाहेर येतो. मशीन थोडं गरम करून, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू वळवत सोडवावं.

पेस्ट मधोमध वाटाण्याएवढा एक ठिपका, बस. बोटाने पसरवू नका, दाबाने ती आपोआप पसरते. जास्त लावल्याने जास्त गार होत नाही, पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्याचं आहे.

खुंट्या. आधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणा. हे विसरलं की खुंटी आत जाते पण धरत नाही. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. मग पंखा चार भोकांवर ठेवून समोरासमोरच्या, म्हणजे तिरप्या जोडीने दाबा. आधी एक तिरपी जोडी, मग दुसरी. प्रत्येकीला टक् असा आवाज यायला हवा. जोर लागतो, बोर्ड थोडं वाकल्यासारखं वाटतं, घाबरू नका. सगळं झालं की बोर्डच्या मागून पाहा. बऱ्याच कॅबिनेटला तिथे खिडकी असते. चार ठिकाणी पांढरं प्लॅस्टिक बाहेर आलेलं आणि त्याच्या मधोमध काळी खुंटी शिरून ते फाकलेलं दिसलं पाहिजे. एकाही ठिकाणी काळं दिसलं नाही तर ती खुंटी बसलेली नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकला तडा असेल तर नुसता खुंट्यांचा संच वेगळा मिळतो, पंखा टाकून द्यायची गरज नाही.

पंख्याची वायर सीपीयू-फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा. शेजारच्या सिस-फॅनवर लावली तरी पंखा फिरतो, पण प्रोसेसर तापला की वेग वाढेलच याची खात्री नाही.

फुटाळा · बुधवार, रात्री १०.३०

कर्नलपॅनिक, केलं. लॅपटॉप सुरू झाला. कोअरटेम्प ४९, एसीपीआयटीझेड १२८ आणि तो आकडा हलतच नाही. मी मुद्दाम दहा मिनिटं व्हिडिओ चालवला, कोअरटेम्प ६३ झाला, एसीपीआयटीझेड १२८ च. कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलसाठी नवीन बायोस दिसतोय. शनिवारी करतो.

अक्षरजुळणी · गुरुवार, रात्री ९.००

आज पेस्ट आणली आणि बसवलं. पहिल्या खेपेला चौथ्या खुंटीचा आवाज आला नाही, मागून पाहिलं तर काळं दिसत नव्हतं. काढून पुन्हा दाबली, बसली.

संध्याकाळी साडेसहाला खोली ३९ असताना बायोसमध्ये ५७ वर थांबलं. म्हणजे फरक १८. उबंटू सरळ उघडलं, विंडोजही. चारशे पानांची पीडीएफ काढली, तेव्हा ७८ पर्यंत गेलं आणि पंख्याचा आवाजही पूर्वीसारखा नाही. पीडीएफला पूर्वी जो वेळ लागायचा त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागला. मला वाटत होतं मशीन जुनं झालं म्हणून रखडतंय.

एकच विचारायचं राहिलं. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आलाय, ही खोली वरच्या मजल्यावरची. दुपारी काम करावंच लागतं. कूलर मशीनकडे वळवून ठेवला तर चालेल का?

सोल्डरगन · गुरुवार, रात्री ९.५०

थेट मशीनवर नको. डेझर्ट कूलरची हवा गार असते तशीच ओलीही असते, आणि टाकी भरलेली असली की बारीक तुषार उडतात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे, तुषार वाळले की क्षाराचा पांढरा थर राहतो. तो बोर्डवर बसला की वर्षा-दोन वर्षांत गंज धरतो. शिवाय ओल्या हवेत धूळ पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या पट्ट्यांना चिकटून बसते, मग ती ब्लोअरनेही सुटत नाही.

कूलर खोलीसाठी लावा, तोंड तुमच्याकडे, मशीन झोताच्या बाजूला. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओल खोलीतच कोंडते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत एवढ्याने खोली आठ-दहा अंश सहज उतरते, आणि तेवढेच अंश तुमच्या प्रोसेसरवरूनही उतरतात. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग जातो, पण तेव्हा गरजही कमी होते.

कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून गरम हवा बाहेर पडते. जमिनीवर असेल तर स्टुलावर घ्या, झाडताना उडणारी धूळ थेट आत जाते. झाकण कायमचं उघडं ठेवू नका. बाजूचं झाकण लावलं की हवा पुढून आत, मागून बाहेर असा रस्ता धरते.

आणि संध्याकाळी बाहेर बरं वाटूनही तुमचं मशीन का लागत नव्हतं ते आता लक्षात आलं असेल. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. म्हणून जड काम सकाळी उरकता आलं तर उत्तमच, पण आता दुपारी थांबायचं कारण नाही.

गोरेवाडा · गुरुवार, रात्री १०.१५

ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा म्हणून सांगा काका. लोकं सोडून देतात, तो भन्नाट वेगानं फिरतो आणि त्याची बेअरिंग जाते.

सोल्डरगन · गुरुवार, रात्री १०.२०

बरोबर. पेन्सिल अडकवली तरी चालते.

फुटाळा · शनिवार, दुपारी १.४०

बायोस अपडेट झाला. तो थर्मलचा पर्याय न देता उबंटू उघडलं. एसीपीआयटीझेड आता ५२ दाखवतंय आणि काम वाढलं की बदलतंयही. पडद्यावर ती ओळ आली नाही.